वेब आली म्हणून हबल गेली तरी चालेल का?

जून 2024 मध्ये नासाने जाहीर केलं की हबल ही अंतराळ दुर्बीण यापुढे एकाच गायरोवर, म्हणजे तिचं वळणं मोजणाऱ्या एकाच फिरत्या उपकरणावर, चालवली जाईल. 2009 मध्ये अंतराळवीरांनी तिच्यात सहा नवे गायरो बसवले होते. त्यांतले तीन आधीच बंद पडलेले, चौथा वारंवार चुकीचे आकडे देऊ लागला, म्हणून आता एक कामाला आणि एक राखीव. त्यामुळे दुर्बीण एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर वळवायला जास्त वेळ लागतो, मंगळाच्या कक्षेपेक्षा जवळ आलेल्या वस्तूंचा माग काढता येत नाही आणि निरीक्षणांचा झपाटा साधारण बारा टक्क्यांनी घटतो. या बातमीवरचा सूर बहुतेक ठिकाणी एकच होता: 1990 साली उडालेली दुर्बीण, किती दिवस चालणार? आणि आता नवी, मोठी जेम्स वेब दुर्बीण आहेच की.

हे ‘आहेच की’ मला मान्य नाही. दुर्बिणीचं वय झालं की तिच्या जागी नवी येते, नवी मोठी असते, म्हणून जुनी गेल्याचं दुःख करू नये, असा तो हिशेब आहे. तो ऐकायला बरा वाटतो, पण वेब आणि हबल यांच्या बाबतीत चुकीचा आहे. आणि त्याच हिशेबाने आपण भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अंतराळ दुर्बिणीकडे पाहत राहिलो, तर त्याची किंमत पुण्या-मुंबईतल्या आणि बंगळूरमधल्या शास्त्रज्ञांना मोजावी लागेल.

वेबला हबलची वारसदार म्हणायला नासानेच सुरुवात केली. सुमारे एक हजार कोटी डॉलर खर्चाचा, वर्षानुवर्षं रखडलेला आणि 2011 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने रद्द करायला काढलेला प्रकल्प लोकांच्या गळी उतरवायचा, तर हबलच्या लोकप्रियतेचा आधार घेणं भागच होतं. पण दोघींना दिसणारा प्रकाश वेगळा आहे. वेबची नजर 0.6 मायक्रॉन तरंगलांबीला (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे नारिंगी-लाल प्रकाशापाशी, सुरू होते आणि अवरक्तात 28 मायक्रॉनपर्यंत जाते. हबलची 115 नॅनोमीटरला, म्हणजे पार अतिनील टोकाकडे, सुरू होते, सगळा दृश्य प्रकाश व्यापते आणि अवरक्तात 1.7 मायक्रॉनला संपते. दोघींचा समाईक पट्टा अगदी अरुंद. वेबच्या आरशांवर सोन्याचा मुलामा आहे तो अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित व्हावा म्हणून. निळा-जांभळा प्रकाश सोनं बराचसा शोषून घेतं, अतिनीलाची तर गोष्टच सोडा. वेबचा आरसा 6.5 मीटरचा आणि हबलचा 2.4 मीटरचा, हे खरं. पण अतिनील पट्ट्यात हबलला जे दिसतं, ते वेबला कधीच दिसणार नाही. घरात फ्रीज आला म्हणून शेगडी भंगारात काढावी, तशातला हा प्रकार.

अतिनीलाची अडचण अशी की त्याला जमिनीवर पर्याय नाही. ओझोनचा थर आपल्याला वाचवतो तो याच किरणांपासून, त्यामुळे साधारण 300 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही. चिलीच्या वाळवंटात 39 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहते आहे; तिच्याही हाती तो लागणार नाही. आणि नेमक्या याच पट्ट्यात हायड्रोजनची सर्वांत ठळक रेषा आहे, 121.6 नॅनोमीटरला. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन यांच्या महत्त्वाच्या रेषा आहेत. नुकत्याच जन्मलेल्या तप्त ताऱ्यांचा आणि श्वेत बटूंचा बहुतांश प्रकाश इथेच असतो. गुरूच्या ध्रुवांवरचा प्रकाशझोतही इथे उत्तम दिसतो.

आता गंमत बघा. वेबचं ज्या कामासाठी सध्या सर्वाधिक कौतुक होतं, ते परग्रहांच्या वातावरणाचं काम हबलच्या मदतीशिवाय अर्धवट राहतं. एखाद्या लाल बटू ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेत वेबला कार्बन डायऑक्साइड दिसला किंवा दिसला नाही, तरी त्याचा अर्थ लावायला तो तारा ग्रहावर किती अतिनील प्रारण ओततो हे माहीत असावं लागतं. तेच प्रारण हवेतले रेणू तोडतं, वातावरण उडवून लावतं. ते मोजण्याचं काम मुख्यतः हबल करते. विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचा वादही असाच. हबलने सेफिड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून काढलेला वेग 73 च्या आसपास (एकक: किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक), विश्वाच्या आरंभीचा प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहातून निघणारा 67 च्या आसपास. हबलच्या चित्रांत शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून चूक होत असावी, अशी शंका बरीच वर्षं घेतली जात होती. 2023 आणि 2024 मध्ये वेबने तेच तारे तपासले आणि हबलची मोजणी बरोबर ठरली. त्यात सेफिड तारे ओळखून त्यांचे आवर्तकाल ठरवण्याचं किचकट काम हबलने आधीच करून ठेवलेलं होतं. दोन दुर्बिणी काही काळ एकत्र चालल्या तर एकीची मोजमापं दुसरीवर ताडून घेता येतात. मधे खंड पडला की ती सोय जाते आणि जुन्या आकड्यांवरचा संशय तसाच लोंबकळत राहतो.

असे खंड पूर्वी पडले आहेत. 1991 साली सोडलेल्या कॉम्प्टन गॅमा-किरण वेधशाळेच्या तीन गायरोंपैकी एक डिसेंबर 1999 मध्ये बिघडला. उपकरणं ठणठणीत होती. पण आणखी एक गायरो गेला तर सतरा टनांचं हे धूड कुठे कोसळेल ते हातात राहणार नाही, या भीतीने नासाने जून 2000 मध्ये ते प्रशांत महासागरात पाडलं. तिची खरी जागा घेणारी फर्मी ही गॅमा-किरण दुर्बीण 2008 मध्ये वर गेली. मधल्या काळात इंटिग्रल आणि स्विफ्ट आल्या म्हणून थोडंफार निभावलं. स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण वेब येईपर्यंत चालू ठेवायची असं ठरलं होतं. पण वेबची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि जानेवारी 2020 मध्ये स्पिट्झर बंद करण्यात आली. वेबचं विज्ञान सुरू झालं जुलै 2022 मध्ये. आणि फ्यूज ही अगदी टोकाच्या अतिनीलाची दुर्बीण 2007 मध्ये थांबली, तिच्या तोडीचं त्या पट्ट्यात आजही काही नाही. उलट जिथे वेळ जुळून आली तिथे कुणाला कळलंसुद्धा नाही. 1978 पासून चालणारा आययूई हा अतिनील उपग्रह 1996 मध्ये बंद झाला तेव्हा दुरुस्त झालेली हबल जोमात होती. परग्रह शोधणारी केप्लर 2018 च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, त्याआधी सहा महिने त्याच कामाची टेस उडालेली होती. या दोन्ही बंद होण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जुनं यंत्र अमर असावं असा माझा आग्रह नाहीच.

पैशाचा मुद्दा इथे येणारच, आणि तो खोटा नाही. हबल चालवायला वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलर लागतात. स्पेस शटल या अमेरिकी यानाने तिच्याकडे पाच दुरुस्ती मोहिमा गेल्या: 1993, 1997, 1999, 2002 आणि 2009. प्रत्येक उड्डाणाचा खर्च बघून खगोलशास्त्रज्ञांमधलेच काही जण म्हणत आले की एवढ्या पैशात साध्या रॉकेटने नव्या दुर्बिणी सोडता आल्या असत्या. या म्हणण्यात दम आहे. पैशापलीकडे जिवाचाही प्रश्न होता. कोलंबिया दुर्घटनेत कल्पना चावलासह सात जण गेले, त्यानंतर जानेवारी 2004 मध्ये नासाचे प्रमुख शॉन ओकीफ यांनी हबलची पुढची दुरुस्ती रद्द केली. त्यांच्यावर त्या वेळी जी टीका झाली ती मला अन्यायाची वाटते. सात माणसं गमावलेल्या संस्थेच्या प्रमुखाने दुसरं काय करावं? 2006 मध्ये माइक ग्रिफिन यांनी निर्णय फिरवला तो शटल पुन्हा उडू लागल्यावर आणि कक्षेतच त्याची तपासणी करण्याची पद्धत बसल्यावर. मे 2009 मध्ये अटलांटिस गेलं. त्या मोहिमेत नवा कॅमेरा आणि अतिनील वर्णपट घेणारं नवं उपकरण बसलं, दोन जुनी उपकरणं दुरुस्त झाली. मी वर जी हबलची कामं सांगितली त्यांतली बरीचशी या उड्डाणानंतरची आहेत.

आज शटल नाही. हबलला स्वतःचं इंजिन नाही, त्यामुळे ती हळूहळू खाली येते आहे आणि काही केलं नाही तर येत्या दशकात केव्हातरी वातावरणात शिरेल. 2022 मध्ये नासा आणि स्पेसएक्स यांनी तिला खासगी यानाने वर ढकलता येईल का याचा अभ्यास केला. अब्जाधीश जॅरेड आयझॅकमन त्या मोहिमेसाठी उत्सुक होते. 2024 मध्ये नासाने तूर्तास नको म्हटलं: धोका जास्त, फायदा अनिश्चित. मला वाटतं त्या वेळी ते योग्यच होतं. दुर्बिणीच्या आरशाजवळ कुणाच्या तरी यानाच्या इंजिनाची धूळ उडवून घेण्यापेक्षा एका गायरोवर चालणं बरं. एका गायरोवर 2035 पर्यंत चालण्याची शक्यता सत्तर टक्क्यांहून जास्त आहे, असा नासाचा अंदाज होता. पण ‘तूर्तास नको’चं ‘कधीच नको’ होऊ नये. 2025 मध्ये नासाने स्विफ्ट दुर्बिणीची घसरती कक्षा उंचावण्यासाठी एका छोट्या कंपनीला सुमारे 3 कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. माणूस न पाठवता, यंत्रमानवी यानाने. हबलच्या एका वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी कमीच रक्कम. 2009 मध्ये हबलच्या तळाशी पुढेमागे यान जोडता यावं म्हणून खास कडी बसवून ठेवली आहे. ती फक्त दुर्बीण समुद्रात पाडण्यासाठीच वापरायची असं कुठे ठरलंय?

हबलनंतर येणाऱ्यांची यादी तशी रिकामी नाही. नासाची रोमन दुर्बीण हबलएवढ्याच आरशाची आणि हबलच्या अवरक्त कॅमेऱ्याच्या सुमारे दोनशेपट आकाश एका नजरेत टिपणारी आहे (तो आरसा अमेरिकी गुप्तहेर खात्याकडे पडून होता, 2012 मध्ये त्यांनी नासाला देऊन टाकला), पण ती दृश्य आणि अवरक्त प्रकाशाची. इस्रायलची अल्ट्रासॅट आणि नासाची 2030 साठी ठरलेली यूव्हीएक्स या अतिनीलाच्याच, मात्र दोन्ही आकाशाचे मोठे तुकडे झपाट्याने टिपणाऱ्या. हबलचा बारकावा त्यांच्यात नाही. तो बारकावा पुन्हा मिळणार हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरीत, जिची शिफारस अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये केली आणि जी उडेल 2040 च्या दशकात. वेबचा अनुभव बघता मी 2045 च्या आधीची तारीख धरायला तयार नाही. 2025 च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात नासाच्या विज्ञानाचा निधी जवळपास निम्मा कापायला निघाले होते. काँग्रेसने ते मानलं नाही, पण असं एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं.

चीनची शुंतियान मला यांत सर्वांत हुशारीची वाटते. दोन मीटरचा आरसा, जवळच्या अतिनीलापासून जवळच्या अवरक्तापर्यंत नजर. आणि ती त्यांच्या थ्येनकोंग स्थानकाच्याच कक्षेत फिरणार, म्हणजे बिघाड झाला की स्थानकाला येऊन जोडली जाईल, अंतराळवीर दुरुस्त करतील, पुन्हा सुटेल. तिची तारीख अनेकदा पुढे गेली आहे. पण दुरुस्तीची सोय आराखड्यातच ठेवायची, हा हबलने शिकवलेला धडा अमेरिकेने वेबच्या वेळी गुंडाळून ठेवला आणि चीनने उचलला. वेब पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तिथे आज तरी कुणी पान्हा घेऊन जाऊ शकत नाही.

आता आपलं. ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाली. आयुष्य धरलं होतं पाच वर्षं, ती दहा वर्षं ओलांडून गेली. तिच्यावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून बनवली. आरसे फक्त 38 सेंटिमीटरचे. पण आधीच्या गॅलेक्स या अमेरिकी अतिनील दुर्बिणीपेक्षा तिचं चित्र कितीतरी सुस्पष्ट, आणि एका नजरेत येणारं आकाश हबलच्या अनेक पट. ऑगस्ट 2020 मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाने 930 कोटी वर्षांपूर्वी निघालेला, एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश यूव्हीआयटीने टिपल्याचं प्रसिद्ध केलं. आकाशाचा तो तुकडा हबलने वर्षानुवर्षं निरखलेला होता. पार्श्वभूमीचा गोंगाट कमी असलेल्या आपल्या छोट्या दुर्बिणीला तिथे हबलच्या हातून निसटलेलं सापडलं. मोठी नवी आली की छोटी जुनी निरुपयोगी, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

पण यूव्हीआयटीचा जवळच्या अतिनीलाचा संवेदक 2018 मध्येच बंद पडला. क्ष-किरण मोजणाऱ्या तीन मोठ्या शोधकांपैकीही सगळे धड नाहीत. दुर्बीण चालते आहे, विद्यार्थी तिच्यावर पीएचडी करत आहेत, तिच्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाची माहिती आयुकात तपासली जाते आहे. पण ही उधारीची वर्षं आहेत. तिच्या जागी काय, तर इन्सिस्ट नावाचा एक चांगला प्रस्ताव आहे: एक मीटरचा आरसा, अतिनील आणि दृश्य प्रकाशात चित्रं आणि वर्णपट दोन्ही. अनेक वर्षं तो आराखड्याच्या टप्प्यातच आहे. स्फोटक घटनांच्या शोधासाठी आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेला दक्ष हा दोन उपग्रहांचा प्रस्तावही तसाच रांगेत.

इथे मला कालगणना महत्त्वाची वाटते. ॲस्ट्रोसॅटला मंजुरी मिळाली 2004 मध्ये, उड्डाण झालं 2015 मध्ये. त्याच गतीने 2026 मध्ये मंजूर झालेली दुर्बीण 2037 ला उडेल. तोवर ॲस्ट्रोसॅट चालेल असं कुणीही छातीठोकपणे सांगणार नाही, हबलही बहुधा नसेल आणि हॅबिटेबल वर्ल्ड्सला वेळ असेल. म्हणजे आपला निर्णय आजही उशिराचाच आहे. पण त्यातच संधीही आहे: साधारण 2035 ते 2045 या काळात एक मीटरची बारकाईने पाहणारी अतिनील दुर्बीण ही जगात दुर्मिळ वस्तू असेल. भारताला अवकाशविज्ञानात अशी मोक्याची जागा वारंवार मिळत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की तिला गुरुत्वीय लहरी कळतील. ऑगस्ट 2017 मध्ये अशी टक्कर पहिल्यांदा सापडली, तेव्हा तिच्या राखेची चमक अतिनीलात पहिल्या दिवशी प्रखर होती आणि दोन-तीन दिवसांत विझली. हिंगोलीहून इशारा मिळेल आणि ती चमक पाहायला भारताची अतिनील दुर्बीण नसेल, तर 2,600 कोटींचं अर्धं पीक दुसऱ्यांच्या खळ्यात जाणार.

‘गरीब देशाला हे परवडतं का’ या प्रश्नाला मी टाळत नाही. 2025-26 मध्ये अंतराळ विभागाची तरतूद सुमारे 13,400 कोटी होती, आणि तिचा मोठा भाग गगनयान, प्रक्षेपक आणि उपयोजनांच्या उपग्रहांना लागतो. त्यांवर माझा आक्षेप नाही. पण माणसं शिकवून तयार करायची आणि मग त्यांना दहा-बारा वर्षं काम द्यायचं नाही, ही उधळपट्टी कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. यूव्हीआयटी बनवताना आपल्याकडे अतिनील आरसे निर्मळ कसे राखायचे, संवेदक कसे तपासायचे हे शिकलेली एक पिढी तयार झाली. अतिनीलात तेलाचा रेणूभर थर बसला तरी आरसा कामातून जातो, त्यामुळे ही कारागिरी कागदावरून शिकता येत नाही. आदित्य एल-1 वरची सूट ही सूर्याची अतिनील दुर्बीण आयुकाने बनवली, 2023 मध्ये ती उडाली. तेव्हा जमलेल्या तरुण अभियंत्यांना पुढचं काम आत्ता हवं, 2032 मध्ये नव्हे. तोवर त्यांतले निम्मे ह्यूस्टनला किंवा हिंजवडीत गेलेले असतील आणि नव्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल.

आणखी एक. हबलवर किंवा वेबवर वेळ मागायची तर भारतीय विद्यार्थ्याला साऱ्या जगाशी स्पर्धा करावी लागते. वेबच्या चौथ्या फेरीत 2,300 हून जास्त प्रस्ताव आले आणि उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी होती. ॲस्ट्रोसॅटवर भारतीयांचा हक्काचा वाटा आहे. आयुका स्थापन झाली तीच मुळी विद्यापीठांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना अशी साधनं मिळावीत म्हणून. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विभागातल्या मुलीला स्वतःच्या नावावर निरीक्षणाची वेळ मिळणं याला मी फार मोल देतो, कदाचित शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा जास्त.

तेव्हा मागणी अशी: इन्सिस्टला आराखड्यातून काढून तारखेसह मंजुरी द्यावी. कॅनडाही कॅस्टर नावाची अशीच एक मीटरची अतिनील दुर्बीण वर्षानुवर्षं अभ्यासतो आहे आणि यूव्हीआयटीत तो आपला भागीदार होता. खर्च वाटून घ्यायला हा शेजार बरा. भारताचं अंतराळ स्थानक 2035 पर्यंत उभारायचं ठरलं आहे, तर दुर्बिणीला यंत्रमानवी यान जोडता येईल अशी कडी पहिल्याच आराखड्यात ठेवावी. तिचा खर्च किरकोळ असतो, नंतर मात्र हबलसारखे अंतराळवीर पाठवल्याशिवाय बसवता येत नाही. आणि ॲस्ट्रोसॅटचं एकेक उपकरण चालेल तोवर चालू ठेवावं, तिचा संचालनखर्च वाचवून नव्या दुर्बिणीला देण्याचा मोह टाळावा. नवीचे पहिले आकडे ताडून पाहायला जुनी शेजारी चालू असायला हवी, आणि ते जमवायचं असेल तर 2030 च्या आत नवीचा आरसा घडवायला सुरुवात झालेली असली पाहिजे.